आठ वर्षांचा टेम्पो मोडीत का काढायचा?

पुण्याच्या बुधवार पेठेत सध्या एक सल्ला दुकानादुकानातून फिरतो आहे. गाडीला आठ वर्षं झाली ना, मग काढून टाका; जीएसटी उतरलाय, नवी पिकअप घ्या. अप्पा बळवंत चौकातला पुस्तकविक्रेता असो, तपकीर गल्लीतला वायर-केबलचा व्यापारी असो, सगळ्यांना तोच सल्ला त्याच आकड्यांनिशी मिळतो. शोरूमचा माणूस तो देतो हे समजू शकतं, गाड्या विकणं हे त्याचं कामच आहे. पण आता बँकेचे लोक, कर सल्लागार, व्यापाऱ्यांच्या बैठकीतले जाणते लोकही तेच सांगू लागले आहेत. मी या पेठेतल्या दुकानांचे हिशेब लिहितो. त्या वह्या समोर ठेवून सांगतो की, हा सल्ला इथल्या बहुतेक दुकानांसाठी चुकीचा आहे. तो नुसता ऐकून सोडून देण्यासारखा नाही, कारण या एका निर्णयात छोट्या दुकानाची पाच वर्षांची कमाई अडकते.

आधी त्या आठच्या आकड्याबद्दल. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी पासिंग लागतं, त्यानंतर दरवर्षी. महाराष्ट्रात आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाड्यांना पर्यावरण करही भरावा लागतो. एवढ्यावरून लोक समजतात की कायद्यानेच गाडीचं आयुष्य आठ वर्षांवर आणून ठेवलं आहे. कायदा इतकंच म्हणतो की गाडी जरा जास्त वेळा तपासून घ्या. दिवे गावच्या तपासणी ट्रॅकवर गाडी नेऊन वर्षातून एकदा ब्रेक दाखवायचे, ही काही शिक्षा नव्हे. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवली, म्हणून ब्रेक तपासण्यासाठी २५० मीटरचे ट्रॅक करणं परिवहन खात्याला भाग पडलं. त्याआधी पासिंग कसं व्हायचं ते जुन्या चालकांना विचारा. आता तपासणी खरी होते आहे, तर तिच्यावर विश्वास ठेवायचा की तिच्या धसक्याने गाडीच विकायची?

दुसरा धसका दिल्लीचा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, उद्या पुण्यात येईल, मग गाडीला कोणी विचारणार नाही, असं सांगतात. दिल्लीची बंदी राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आली, ती दिल्ली आणि भोवतालच्या पट्ट्यापुरती. १ जुलै २०२५ पासून तिथे अशा गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असं ठरलं होतं आणि काही दिवसांतच सरकारला पाऊल मागे घ्यावं लागलं. देशभरासाठीचं धोरण वेगळं आहे. १३ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणात वय हा मोडीत काढण्याचा निकष नाही. मालवाहू गाडी पंधरा वर्षांची झाली की तिने तपासणीत उतरायचं. उतरली तर चालवायची, पुन्हापुन्हा नापास झाली तर मोडीत काढायची. म्हणजे धोरणसुद्धा गाडीची तब्येत बघा म्हणतं. आपण मात्र पंधराच्या निम्म्यावरच हात टेकतो.

आता हिशेब. पेठेतली गाडी करते काय? मार्केट यार्ड, फुरसुंगी किंवा उरुळीकडच्या गोदामातून माल भरायचा, स्वारगेटवरून शिवाजी रस्त्याने आत यायचं, दुकानाशी माल उतरवायचा, बाजीराव रस्त्याने बाहेर पडायचं. अशा एक-दोन फेऱ्या. दिवसाला तीस किलोमीटर धरू, वर्षाचे कामाचे दिवस तीनशे. झाले नऊ हजार किलोमीटर. जुनी पिकअप लिटरला अकरा देते आणि नवी चौदा देईल असं मानू. नव्या गाडीच्या बाजूने सढळ हातानेच मानतो आहे. डिझेल नव्वद रुपये. जुनीला वर्षाला सुमारे ७३,६०० रुपयांचं डिझेल लागेल, नवीला ५७,९००. बचत साधारण पावणेसोळा हजार.

नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांना पडते असं धरू. जुनीचे तीन लाख आले, सात लाखांचं कर्ज काढलं, दहा टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याचा हप्ता १४,८७३ रुपये. वर्षभर वाचवलेल्या डिझेलमध्ये जेमतेम एक हप्ता भागतो. उरलेले अकरा कुठून भरायचे? जुनीच्या दुरुस्तीवर नवीपेक्षा वर्षाला चाळीस हजार जादा जातात असंही मान्य करतो. तरी दोन्ही मिळून बचत छप्पन्न हजारांच्या आत राहते आणि हप्त्यांचे जातात पावणेदोन लाखांच्या वर.

यावर एक रास्त उत्तर येतं: पाच वर्षांनी हातात पाच वर्षांची गाडी उरते, ती मोजा. मोजू. ती पाच लाखांना जाईल असं धरलं आणि तेरा वर्षांच्या जुन्या गाडीचे फक्त एक लाख आले असं धरलं. जुनीचं मध्येच सव्वा लाखाचं इंजिनकाम निघालं, तेही तिच्या खात्यावर टाकलं. एवढं सगळं जुनीच्या विरुद्ध टाकूनही पाच वर्षांअखेर नवी गाडी जवळजवळ नव्वद हजारांनी महाग पडते. हे नव्वद हजार ग्राहक देत नाही. पेठेतल्या दुकानात माल कोणत्या गाडीतून आला हे कोणीही विचारत नाही.

हाच हिशेब वर्षाला चाळीस हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला लावला तर चित्र उलटतं. किलोमीटरमागे पावणेदोन रुपये वाचतात, म्हणजे वर्षाचे सत्तर हजार नुसत्या डिझेलचे, शिवाय एवढ्या धावपळीत जुनीची दुरुस्तीही वाढत जाते. रोज मुंबई किंवा कोल्हापूर करणाऱ्या वाहतूकदाराने गाडी बदलावी, त्याला मी थांबवणार नाही. माझा आक्षेप आहे तो त्या वाहतूकदाराचा हिशेब उचलून अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराच्या गळ्यात घालण्याला.

जीएसटीचं प्रकरण तर जास्तच फसवं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, हे खरं. आधी नऊ लाखांना मिळणाऱ्या गाडीवर सत्तर हजारांचा फरक पडतो. पण कोणाला? तपकीर गल्लीतला व्यापारी करपात्र माल विकतो, जीएसटी भरतो. मालवाहू गाडीवर भरलेल्या कराचं क्रेडिट त्याला आधीही मिळत होतं, आताही मिळतं. २८ टक्के भरले तर २८ टक्क्यांचं क्रेडिट, १८ भरले तर १८ चं. त्याच्या खिशाला या कपातीने काहीही फरक पडलेला नाही, फक्त पैसे थोडे कमी अडकतात. आणि तोच सगळ्यात उत्साहाने मला सांगत येतो की कर उतरलाय! फायदा खरोखर कोणाला असेल तर पुस्तकवाल्याला. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, म्हणून त्याला गाडीच्या कराचं क्रेडिट मिळत नाही. त्याचे सत्तर हजार खरोखर वाचतात. मात्र २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याने साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांवर ७ टक्के एकरकमी मोटार वाहन कर आणला आहे. नऊ लाखांवर तो त्रेसष्ट हजार होतो आणि पहिल्याच दिवशी मोजावा लागतो. केंद्राने एका हाताने दिलं ते दारातच राज्याच्या खिडकीवर जमा करायचं, असा प्रकार आहे. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरात असतो, दुसरा नसतोच.

घसाऱ्याचंही तसंच. 'नवी घेतली की टॅक्स वाचतो' हे वाक्य मी मार्चमध्ये किती लोकांकडून ऐकतो! भाड्याने चालवण्याच्या गाडीला आयकरात ३० टक्के घसारा मिळतो; स्वतःच्या दुकानाचा माल आणणाऱ्या गाडीला १५ टक्के. दहा लाखांवर पहिल्या वर्षी दीड लाख. सर्वांत वरच्या टप्प्यात असलात तरी कर वाचला पंचेचाळीस हजारांच्या आसपास, तोही दहा लाख गुंतवून, आणि पुढच्या वर्षी त्याहून कमी. उलट जुन्या गाडीची क्लच प्लेट, कमानपाटे, नोझल, टायर, हा सगळा खर्च त्याच वर्षी पूर्णच्या पूर्ण वजा होतो. हे कोणी सांगत नाही, कारण दुरुस्तीच्या बिलावर कोणाला कमिशन नसतं. विम्याचंही लक्षात घ्या. साडेसात टनांखालच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १६,०४९ रुपये आहे, गाडी आठ महिन्यांची असो की आठ वर्षांची. नवीचा स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र तिच्या किमतीबरोबर चढतो.

आता ती गोष्ट, जी शोरूममध्ये कोणी बोलत नाही आणि पेठेत घेतल्यावर तिसऱ्या महिन्यात कळते. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती भरत आली की आतली काजळी जाळावी लागते. त्यासाठी धुराचं तापमान सहाशे अंशांच्या घरात जावं लागतं आणि तेवढं जायला गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात पळावी लागते. हायवेवर ते आपोआप होतं. आता दगडूशेठच्या देवळापासून बुधवार चौकापर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. पहिला गिअर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर. समोर हार-फुलांच्या टोपल्या, बाजूला रिक्षा, मागे पीएमपी. गाडी पंधराच्या वर जातच नाही, मग माल उतरवताना इंजिन चालूच ठेवलं जातं. एका दुकानाची नवी गाडी मी अशीच पाहिली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. चालक बिचारा डिझेलचा काटा बघत राहिला, त्याला दिव्याचा अर्थ कोणी सांगितलाच नव्हता. काही दिवसांनी गाडीची ताकद गेली, अ‍ॅक्सिलेटर दाबला तरी ती ओढेना. गॅरेजच्या मिस्त्रीने हात वर केले. हे काम लॅपटॉप लावून, कंपनीच्या वर्कशॉपमध्येच. ऐन जूनमध्ये, शाळांच्या पुस्तकांचे गठ्ठे फुटपाथवर रचलेले असताना, गाडी वर्कशॉपच्या रांगेत. जुन्या गाडीचा भरवसा नाही म्हणून नवी घेतली होती.

त्या दुकानदाराने नंतर चालकाला दर आठवड्याला रिकामी गाडी कात्रज बाह्यवळणावर पळवून आणायला सांगितलं. जाळी साफ राहावी म्हणून डिझेल जाळत रिकामी फेरी! शहरात रेंगाळणाऱ्या छोट्या गाडीसाठी हे यंत्र अडचणीचं आहे, हे घेण्याआधी माहीत असलं पाहिजे. पेट्रोल, सीएनजीच्या गाड्यांना हा त्रास नाही. टाटांनी जून २०२५ मध्ये आणलेली एस प्रो पेट्रोलमध्ये तेव्हा ३ लाख ९९ हजारांपासून मिळत होती, साडेसातशे किलो वाहते. ज्याचा माल हलका आहे त्याने तिचा विचार जरूर करावा, त्याचा हिशेब वर मांडला त्याहून सौम्य निघेल. पण पुस्तकं आणि केबलची रिळं वजनाला वाईट. दीड टनाच्या पिकअपचा माल तिच्यात भरायला गेलात तर दोन फेऱ्या तरी होतील, नाहीतर पहिल्याच वर्षी पाटे बसतील.

विरोधकांचा सर्वांत सबळ मुद्दा धुराचा आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं, कारण या पेठेत माणसं राहतात. दुकानाच्या वरच्या मजल्यावर लहान मुलं आहेत, दम्याचे म्हातारे आहेत. मोटारींच्या मर्यादा बघितल्या तर बीएस-४ डिझेलला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती, बीएस-६ ला साडेचार. नायट्रोजन ऑक्साइड २५० वरून ८० वर आणलं. हा फरक मोठा आहे आणि तो नाकारणारा माणूस खोटं बोलतो. बीएस-३ ची जुनी, काळा धूर ओकणारी गाडी कोणाकडे असेल तर त्याने माझ्या वरच्या हिशेबाचा आधार घेऊ नये. ती मोडीत काढावी, रीतसर नोंदणी असलेल्या केंद्रात.

पण सल्ला तिच्याबद्दल नाहीच. सल्ला आहे २०१७-१८ च्या बीएस-४ गाड्यांबद्दल. वर्षाला नऊ हजार किलोमीटर चालणारी अशी गाडी आणि दिवसाला दीडशे किलोमीटर चालणारी नवी गाडी, यांचा वर्षाचा एकूण धूर मांडून बघा. एप्रिल २०२० पासून पंपावर मिळणारं डिझेलही सगळ्यांना सारखंच, दहा लाखांत दहा भाग गंधकाचं. आधी ते पन्नास होतं. एअर फिल्टर वेळेवर बदलला, नोझल तपासली, वजन पासिंगपुरतंच भरलं आणि माल उतरताना इंजिन बंद ठेवलं, तर या गाडीचा धूर डोळ्यांना दिसण्याइतका कमी होतो. यातली शेवटची गोष्ट फुकट आहे. लक्ष्मी रस्त्याच्या तोंडाशी उभं राहून बघा, किती टेम्पो उभ्याउभ्या धूर सोडत असतात. त्यांत नवेही असतात.

शिवाय विकलेली गाडी जाते कुठे? मोडीत नाही. मोडीचे पैसे नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के, म्हणजे नऊ लाखांवर छत्तीस ते चोपन्न हजार. बाजारात तिलाच तीन लाख मिळतात. मग कोण मोडीत देईल? एक्सचेंजमध्ये दिलेली गाडी दलालाकडून सोलापूरला, बीडला, नांदेडला जाते, तिथे दुप्पट वजन भरून तिप्पट किलोमीटर चालते. आपल्या पेठेतला धूर दुसऱ्याच्या गावात पाठवायचा आणि त्याला पर्यावरणाची काळजी म्हणायचं, हे मला पटत नाही. त्यात नव्या गाडीचं पोलाद, रबर, रंग बनवताना झालेलं प्रदूषण वेगळंच. जी गाडी कमी चालते तिच्या बाबतीत ते फेडायला फार वर्षं लागतात.

सुरक्षेबाबत मात्र मी तडजोड करणार नाही. ज्याचं गोदाम नवले पुलाच्या पलीकडे आहे, ज्याची भरलेली गाडी रोज त्या उतारावरून येते किंवा खंबाटकीत उतरते, त्याने ब्रेकबद्दल तिळमात्र शंका असेल तर गाडी बदलावी. हप्त्याचा विचारही करू नये. पण स्वारगेट ते बुधवार चौक एवढ्यात फिरणाऱ्या गाडीला लायनर, व्हील सिलिंडर आणि चांगले टायर पुरतात. चालकाचा विचारही करा. दिवसभर गल्लीबोळात जड स्टिअरिंग फिरवून त्याचे खांदे जात असतील तर पॉवर स्टिअरिंगसाठी गाडी बदलली, याला मी उधळपट्टी म्हणणार नाही. दुकानदार गाडी बघायला जातात तेव्हा चालकाला सोबत नेत नाहीत, ही फार जुनी खोड आहे.

आणि बदलायचीच झाली तर पेठेसाठी पुन्हा डिझेल का? थांबत-थांबत, रोज ठरलेली तीस-चाळीस किलोमीटरं, रात्री एका जागी मुक्काम: विजेच्या गाडीला याहून सोयीचं काम नाही. टाटा एस ईव्ही २०२२ साली आली, २१.३ युनिटची बॅटरी, कंपनीचा दावा १५४ किलोमीटरचा. प्रत्यक्षात त्याच्या दोन तृतीयांश मिळाले तरी पेठेचं काम भागून उरतं. सामानाच्या तीनचाकी विजेच्या रिक्षा तर त्याहून स्वस्त आणि आपल्या बोळांच्या मापाच्या. अडचण चार्जिंगची. वाड्यात जागा नाही, रस्त्यावर वायर ओढता येत नाही. म्हणून चार्जर गोदामाशी हवा, आणि गोदामाचा मालक बहुधा वेगळा असतो. व्यापारी संघटनांनी आपली ताकद इथे लावावी. मार्केट यार्डात आणि मंडईच्या आसपास माल उतरवण्याच्या जागी चार्जिंगची सोय मागावी. २९ सप्टेंबर २०२४ पासून पेठेखालून मेट्रो धावते, ग्राहक तिने येऊ लागला आहे. मालाच्या गाडीला उभं राहायला मात्र आजही हक्काची जागा नाही. दर ११ डिसेंबरला पादचारी दिनी लक्ष्मी रस्ता गाड्यांविना राहतो, तरी दुकानं चालतात, माल सकाळी लवकर आणि हातगाडीवरून येतो. म्हणजे फेऱ्या कमी करणं जमण्यासारखं आहे. पर्यावरण करही वर्षांवर न लावता किलोमीटरवर लावा, ही मागणी परिवहन खात्याकडे जायला हवी. ओडोमीटरचा आकडा पासिंगच्या वेळी समोर असतोच.

तपकीर गल्लीतल्या एका व्यापाऱ्याने नव्या पिकअपसाठी अकरा हजार भरून बुकिंग केलं आणि मग मला हिशेब दाखवला. त्याची गाडी २०१७ ची आहे, वर्षाला नऊ हजारांच्याही आत चालते, इंजिन तेल खात नाही. कमानपाटे बसलेत आणि मागचे लायनर संपत आलेत. दोन्ही कामं दिव्याला पासिंगला नेण्याआधी करून घ्यावीत, आणि ते अकरा हजार परत मागावेत.